गिलाव्याआधी खिडकी बघा, कौलं चढण्याआधी स्कायलाइट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागर तालुक्यातल्या तुमच्या चिरेबंदी कौलारू घराला मागच्या, म्हणजे समुद्राकडच्या बाजूला नवी खोली जोडताय. तिला पश्चिमेला दोन मोठ्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. जुनं घर आणि नवी खोली यांच्यामधला बोळ काळोखी होईल म्हणून त्यावर काचेचा स्कायलाइट, म्हणजे छपरातली उजेडाची खिडकी घेताय. तुम्ही मुंबईत, वडील गावाला. ठेकेदार रोज फोटो पाठवतो आणि फोटोत सगळं छान दिसतं. मृग लागायला दोन महिने आहेत. काम कच्चं होत असेल तर ते आत्ताच कसं ओळखायचं?

मी गेली तीसेक वर्षं रत्नागिरी आणि रायगडच्या किनारपट्टीवर घरांची कामं बघतो आहे. त्यातली बरीच कामं गळती लागल्यावर बोलावणं आलं म्हणून झालेली. अशा घरांत काच किंवा खिडकी स्वतः दोषी असल्याचं मला क्वचित दिसलं. दोष असतो चौकट आणि भिंत यांच्यामधल्या अर्ध्या इंचाच्या सांध्यात. तो सांधा एका दुपारच्या गिलाव्याने झाकला जातो आणि मग पाऊस येईपर्यंत कुणालाच दिसत नाही. म्हणून तुम्हाला जे बघायचंय त्याला दोन महिने नाहीत. चौकट बसल्यापासून गिलावा होईपर्यंतचे दोन-चार दिवसच आहेत. ठेकेदाराला आजच सांगा की चौकट बसल्यावर आणि गिलाव्याच्या आधी काम एक दिवस थांबवायचं, त्या दिवशी वडील बघतील आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर असाल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याकडे पाऊस वरून पडतो त्यापेक्षा समोरून येतो. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि वारा नैऋत्येचा-पश्चिमेचा. जुनी माणसं पश्चिमेला पडवी ठेवायची, खिडक्या लहान ठेवायची आणि मे संपला की पडवीला झावळ्यांचे झाप बांधायची, ते या झडीसाठी. तुम्ही त्याच बाजूला पडवी न ठेवता मोठ्या काचा लावताय. त्यात चूक काही नाही, समुद्र दिसावा असं कुणालाही वाटणारच. फक्त त्या खिडकीवर किती जोर येणार हे माहीत हवं.

हिशेब असा आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा सरळ खिडकीवर आदळला की तो पाण्याचा सुमारे १७ मिलिमीटर उंचीचा स्तंभ उचलून धरू शकतो. १०० किलोमीटरच्या वाऱ्याला हाच आकडा ४७ मिलिमीटरवर जातो, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाने दाब वाढतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा हवामान खात्याने वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर सांगितला होता, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास. आता सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला आतल्या बाजूने जी उभी कड असते ती पट्टीने मोजा. ती कड जेवढी उंच, तेवढंच पाणी ती वाऱ्याच्या जोरासमोर अडवणार. त्यावर पाणी खोलीत सांडणारच, मिस्त्री कितीही चांगला असो. अजून ऑर्डर गेली नसेल तर पश्चिमेच्या दोन्ही खिडक्या सरकत्या ऐवजी बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या घ्या. त्यात झडप चौकटीवरच्या रबरावर दाबून बसते आणि वारा तिला आणखी घट्ट दाबतो. ऑर्डर गेली असेल तर निदान आतली कड उंच असलेला ट्रॅक मागा आणि वर दोन फुटांचा छज्जा ठेवा.

आता चौकटीचं. वडिलांच्या हातात ओळंबा, लेव्हल आणि मोजपट्टी एवढंच द्या. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. मोठ्या खिडकीत ते तीन मिलिमीटरच्या आत सारखे आले तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. फरक जास्त असेल तर झडप आज सरकेल, पण एका कोपऱ्यात झडप रबराला नीट टेकणार नाही आणि पाणी तिथूनच येईल. मिस्त्री म्हणेल की रोलर खाली-वर करून जुळवतो. रोलरने झडप जुळते, चौकट जुळत नाही. मग ओळंबा चौकटीच्या उभ्या अंगाला दोन दिशांनी लावून बघा, कारण चौकट आत-बाहेर कललेली असेल तर ते समोरून काढलेल्या फोटोत कधीच दिसत नाही.

चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सगळीकडे साधारण सारखी फट हवी, पाच ते दहा मिलिमीटरची. कुठे चौकट चिऱ्याला घासून बसलेली आणि समोरच्या बाजूला बोटभर मोकळी असेल, तर उघाड, म्हणजे खिडकीसाठी भिंतीत सोडलेली जागा, चुकीचा सोडला होता आणि चौकट ठोकून बसवली. ही गोष्ट चिऱ्याच्या घरात फार होते, कारण चिरा काही विटेसारखा एकसारखा येत नाही आणि उघाडाच्या कडा वेड्यावाकड्या राहतात. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो. त्याच्या भोकांतून पाणी चौकटीला वळसा घालून आत येतं, आणि स्क्रू कडेला मारला तर चिऱ्याचा तुकडा उडून पकड जाते. म्हणून उघाडाच्या चारी बाजूंना आधी काँक्रीटची पातळ पट्टी ओतून कडा सरळ कराव्यात आणि चौकट त्या पट्टीत धरावी. खर्च थोडा आहे, गवंड्याचा एक दिवस जातो. मी हे काम कधी सोडू देत नाही. पट्टी न ओतता थेट चिऱ्यात प्लग मारलेले दिसले, तर काम थांबवायला हेच कारण पुरेसं आहे.

स्क्रूंकडे बघा. पिवळट किंवा काळे साधे लोखंडी स्क्रू समुद्रापासून एवढ्या अंतरावर पहिल्याच वर्षी गंजतात, आणि अ‍ॅल्युमिनियमला लागून असले की खारट ओलाव्यात आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियमही खातात. स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ दर्जाचे स्क्रू मागा. पाकिटाचा फोटो मागा. खालच्या ट्रॅकमधून आरपार भोक पाडून स्क्रू मारलेला असेल तर तेही वाईट, कारण ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी त्या भोकातून सरळ भिंतीत उतरतं. स्क्रू बाजूंनी आणि वरून असावेत. आणि चौकटीवरचा प्लास्टिकचा टेप गिलावा होईपर्यंत निघता कामा नये. ओल्या सिमेंटने अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे चट्टे पडतात, ते पुन्हा जात नाहीत, आणि कोटिंग गेलेल्या जागी खाऱ्या वाऱ्याने खड्डे पडायला लागतात.

खालची फरशी, म्हणजे खिडकीचा कट्टा, ही माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फसवणारी जागा. ठेकेदार ग्रॅनाइटचा एकच तुकडा आतून बाहेरपर्यंत सपाट टाकतो आणि त्यावर चौकट ठेवून कडेला सिलिकॉन ओढतो. दिसायला सुंदर. पण ट्रॅकच्या खाली गेलेल्या पाण्याला मग आत आणि बाहेर दोन्ही सारखंच, आणि वारा बाहेरून ढकलत असतो. कट्टा दोन तुकड्यांत हवा, आतला उंच आणि बाहेरचा निदान अर्धा इंच खाली, बाहेरच्याला उतार. बाहेरचा तुकडा भिंतीच्या पुढे दीड-दोन इंच आला पाहिजे आणि त्याच्या खालच्या बाजूला कडेलगत खाच कोरलेली हवी. ती खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे येतं. वडिलांना सांगा, बोट कट्ट्याच्या खालून फिरवा, खाच बोटाला लागते. छज्ज्याच्या खालीही हीच खाच हवी. कट्ट्याची दोन्ही टोकं बाजूच्या भिंतीत थोडी घुसलेली असावीत. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांपासून खाली उतरणारे तिरपे तपकिरी डाग तुम्ही अनेक घरांत पाहिले असतील, ते बहुतेक या टोकांतून येतात.

झडपा चढल्यावर एक साधी परीक्षा आहे. तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता. ते बाहेरच्या बाजूला असलेल्या छोट्या भोकांतून मिनिटभरात निघून गेलं पाहिजे. पाणी तसंच उभं राहिलं तर एकतर भोकं पाडलेलीच नाहीत, किंवा गवंड्याच्या सिमेंटने बुजली आहेत. ही भोकं बुजलेली मी इतक्या घरांत पाहिली आहेत की हल्ली आधी तीच बघतो. झडप बंद करून आतून काचेच्या रबराच्या कोपऱ्यांकडेही नजर टाका. रबर ताणून बसवलेलं असेल तर ते काही आठवड्यांत आखडतं आणि कोपऱ्यात फट उघडते.

सिलिकॉनबद्दल एवढंच सांगतो. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन काचेच्या कपाटाला ठीक आहे, सिमेंट आणि धातूच्या सांध्याला नाही. सिमेंटवर ते नीट धरत नाही आणि सुटणारं आम्ल धातूला लागतं. वास न येणारं न्यूट्रल प्रकारचं मागा. रेघ ओढण्याआधी सांध्यात फोमची गोल दोरी भरलेली हवी, आणि जागा कोरडी व धूळविरहित. लाल मातीच्या धुळीवर ओढलेली रेघ नखाने सोलून निघते. महिन्याभराने नखाने ओढून बघा.

आता स्कायलाइट, आणि इथे मला तुमची जास्त काळजी वाटते.

आपल्या घरात स्कायलाइट नवा नाही. माजघरात उजेड यावा म्हणून काचेचं कौल आपण पिढ्यान्‌पिढ्या लावत आलो. ते गळत नाही, कारण ते कौलासारखंच बसतं. वरच्या कौलाची कड त्याच्यावर, त्याची कड खालच्या कौलावर, आणि पाणी प्रत्येक ठिकाणी वरून खालच्यावर पडत जातं. मोठा स्कायलाइट चांगला बसलाय का हे ओळखायचं मापही तेच आहे. चौकटीच्या वरच्या बाजूचा पत्रा कौलांच्या खाली गेलेला हवा. खालच्या बाजूचा पत्रा कौलांच्या वर आलेला हवा. बाजूंना पत्रा उभा वळवून चौकटीला टेकलेला आणि कौलांच्या खाली पन्हळीसारखा असावा. ठेकेदाराने कौलं बसवण्याआधी चारही बाजूंचे चार फोटो पाठवले पाहिजेत, नुसता वरून काढलेला एक नव्हे. जर कुठे पत्र्याऐवजी कौलं आणि चौकट यांच्यामध्ये सिमेंट लिंपलेलं दिसलं, तर ते नक्की फुटणार. लाकडी वासे-रिपा पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात, सिमेंट हलत नाही, आणि दोघांमध्ये भेग पडते. डांबरी चिकटपट्टीचंही तसंच, धुळकट कौलावर ती पहिल्या उन्हाळ्यात सुटते. पत्रा साध्या गॅल्व्हनाइज्डचा नको. अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, पण ओल्या सिमेंटला टेकवू नका.

चौकटीच्या वरच्या बाजूला, जिथे छपराचं पाणी येऊन अडतं, तिथे हाताची पाची बोटं आडवी मावतील एवढी मोकळी पन्हळ हवी. आंब्याची पानं आणि झावळ्यांचा कचरा तिथेच अडकतो, आणि एकदा अडकला की पाणी साठून पत्र्याच्या वरून कौलांखाली शिरतं. स्कायलाइट तीन फुटांहून रुंद असेल तर मागे छोटा दुपाखी उंचवटा करून पाणी दोन बाजूंना वळवायला सांगा.

तुमच्या बोळावर कौलं नसून स्लॅब येणार असेल तर प्रश्न वेगळा. स्लॅबच्या भोकाभोवती उभी कड हवी, ती स्लॅबबरोबरच ओतलेली, नंतर विटा रचून केलेली नको. तिची उंची कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवर पाणी अडवायला घालतात त्या थराच्या वर सहा इंच. ठेकेदार सहा इंच सांगतो ते स्लॅबपासून, मग वर चार इंचांचा कोबा येतो आणि हातात दोन इंच उरतात. कोबा झाल्यावर मोजा. काच चढण्याआधी स्लॅबवर पाणी बांधून निदान ४८ तास ठेवा, आणि पाणी साठलेलं असतानाच खालून पाहा. काचेला किमान १५ अंशांचा उतार हवा, सपाट काचेवर पाणी आणि घाण दोन्ही साचतात.

काच लॅमिनेटेडच घ्या. नुसती टफन्ड काच फुटली की तिचे खडे होऊन सगळे एकदम खाली येतात. लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पदराला धरून राहते. तुमच्या फोटोत बोळाच्या बाजूला दोन माड दिसतायत. नारळ काय, सुकलेली झावळीसुद्धा पुरेशी आहे, आणि वानरं कौलांवरून उड्या मारतात ते वेगळंच. पॉलिकार्बोनेट घेणार असाल तर त्याचा ऊन सोसणारा पदर वरच्या बाजूला असावा, पोकळ पन्हळी उताराच्या दिशेने असाव्यात, आणि स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं असावं. तीन मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ आठ मिलिमीटर लांब-आखूड होतो. घट्ट आवळला तर भोकापासून चिरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा स्कायलाइट एका बाजूने जुन्या भिंतीवर आणि दुसऱ्या बाजूने नव्या खोलीवर टेकणार आहे असं नकाशावरून दिसतं. हे होऊ देऊ नका. बरीच वर्षं झाली, माझ्याच देखरेखीखालच्या एका घरात आम्ही असंच केलं होतं. जुनं घर साठ-सत्तर वर्षं बसून स्थिर झालेलं, नवी खोली नव्या पायावर. पहिल्या पावसात माती भिजली, नवा पाया थोडासा बसला, काही मिलिमीटरच असेल, पण स्कायलाइटची चौकट पिळली गेली. काच कोपऱ्यापासून तडकली आणि गणपतीत मखराच्या डोक्यावर थेंब पडायला लागले. घरातल्या आजींनी मखरावर छत्री धरून ठेवली होती, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चूक माझी होती. तेव्हापासून स्कायलाइटची चौकट पूर्णपणे नव्या बांधकामावर ठेवतो आणि जुन्या भिंतीकडे फक्त पत्र्याचं झाकण सोडतो. जुन्या भिंतीत खाच पाडून पत्रा वरून खाली वळवायचा, खालचा पत्रा नव्या चौकटीला, आणि दोन्ही एकमेकांना न जोडता एकावर एक. भिंती हलल्या तरी पत्रे सरकतात, काच सुरक्षित राहते. तसंच जुन्या-नव्या भिंतीच्या उभ्या सांध्यापासून खिडकी निदान दोन-तीन फूट लांब ठेवा. जुन्या छपराच्या पागोळ्या सध्या कुठे पडतात तेही बघा. त्या सगळ्या जर या काचेवर पडणार असतील तर आधी पन्हळ लावून पाणी बाजूला काढायला हवं.

काम झाल्यावर पाण्याची परीक्षा एप्रिल संपण्याआधी घ्या. मेच्या भरवशावर राहू नका, २०२१ साली तौक्ते मेच्या मध्यावरच येऊन गेलं. नळी घेऊन आधी खालून सुरुवात करायची: कट्ट्याखालची भिंत, मग कट्टा, मग बाजूचे सांधे, मग वरचा. प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं, आत एक माणूस टॉर्च आणि कोरडं वर्तमानपत्र घेऊन. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि पाणी कुठून आलं ते कळत नाही. स्कायलाइटलाही तसंच, खालच्या कडेपासून वर.

नंतर पावसात पाणी दिसलंच तर घाईने हात घालू नका, आधी वेळ लिहून ठेवा. पाऊस लागताच थेंब आला तर रस्ता सरळ आहे, ट्रॅक किंवा रबर. पाऊस थांबून चार-सहा तासांनी ओल आली तर पाणी चिऱ्यातून फिरून येतंय. फक्त पश्चिमेच्या वाऱ्यात येत असेल तर बाजूचे सांधे बघा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्कायलाइटच्या काचेवर सगळीकडे सारखे थेंब दिसले तर ती गळती नाही, बोळातली दमट हवा थंड काचेवर जमते. त्याला हवा जायला जागा ठेवावी लागते.

पैशाचं बोलायला लोक संकोचतात, पण खिडक्या आणि स्कायलाइट यांच्या रकमेतला दहावा हिस्सा गणपती होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा आणि लिहून घ्या. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की उद्या खिडकीचा एखादा कोपरा गळला आणि ठेकेदार ‘सिलिकॉनची आणखी एक नळी मारतो’ म्हणाला, तर मारू द्यावी का. नाही. जुन्या, धूळ बसलेल्या सिलिकॉनवर नवं धरत नाही, आणि पाणी आत आल्यावर त्याला बाहेर जायची वाट बुजली तर ते भिंतीत मुरून लोणा फुटेल. आधी जुनी रेघ ब्लेडने पूर्ण काढायला सांगा आणि उघड्या सांध्याचा जवळून फोटो पाठवा. त्यात फोमची दोरी आहे का आणि मागे काँक्रीटची पट्टी आहे की उघडा चिरा, ते बघून पुढचं सांगतो.